शंका-समाधान : डॉसबॉक्स वापरून गेम विकता येतो का?

शंका : १९९०च्या दशकात आम्ही तिघा मित्रांनी डॉसवर चालणारा एक गेम केला होता. हक्क आमच्याकडेच आहेत. आता तो डॉसबॉक्ससोबत स्टीमवर विकायचा आहे. एका स्नेह्यांचं म्हणणं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर विकता येत नाही, आणि वर आमच्या गेमचा सोर्स कोडही उघडा करावा लागेल. खरं काय?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : दोन्ही भीती अनाठायी. डॉसबॉक्स हा जुने डॉस प्रोग्राम आजच्या संगणकांवर चालवणारा प्रोग्राम जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळतो. ही आवृत्ती १९९१ सालची, आणि तिच्यात किंमत लावायला कुठेही मनाई नाही. तुमचा गेम डॉसबॉक्सवर चालतो, त्याच्या कोडमध्ये मिसळत नाही. एकाच फोल्डरमधल्या दोन स्वतंत्र प्रोग्रामना जीपीएल एक धरत नाही. तुमचा कोड तुमच्याकडेच राहील.

मात्र डॉसबॉक्सचे वितरक तुम्ही झालात, आणि ते काम नीट करावं लागेल. लायसन्सचा पूर्ण मजकूर आणि मूळ कर्त्यांच्या कॉपीराइटच्या ओळी जशाच्या तशा ठेवा. मग सोर्स कोड. ‘सोर्स डॉसबॉक्सच्या संकेतस्थळावर मिळेल’ अशी एक ओळ टाकून बरेच जण मोकळे होतात. दुसऱ्याकडे बोट दाखवायची सवलत कलम ३मध्ये आहे खरी, पण ती बिनव्यापारी वाटपापुरती. विकणाऱ्याने एक तर कोड सोबत द्यायचा, नाहीतर किमान ३ वर्षं मागेल त्याला देऊ असं लेखी कळवायचं. पाठवणीच्या खर्चापलीकडे एक पैसा घ्यायचा नाही. कोडही नेमका तुम्ही दिलेल्या आवृत्तीचाच हवा. ०.७४-३ दिली असेल तर ०.७४-३चा, आणि तुम्ही काही फेरफार केले असतील तर त्यांच्यासकट. माझं ऐकाल तर त्याची झिप गेमच्या फोल्डरमध्येच टाका. फाईल लहानशी आहे, आणि ३ वर्षं लोकांच्या ईमेलना उत्तरं देत बसण्याचा व्याप वाचतो.

यात मोठेही चुकतात. आयडी सॉफ्टवेअरचे जुने गेम २००७मध्ये स्टीमवर आले, तेव्हा सोबतच्या डॉसबॉक्सचं लायसन्सच जोडायचं राहून गेलं होतं. बोभाटा झाल्यावर ते घातलं. ‘डूम’चा कोड १९९९मध्ये स्वतःहून जीपीएलखाली देणारी हीच कंपनी!

आणखी एक. अचिव्हमेंट्सच्या मोहापायी स्टीमचं एसडीके (प्रोग्रामरांसाठीचा साधनसंच) डॉसबॉक्सच्या कोडला जोडू नका. एसडीकेच्या अटी बंदिस्त आहेत, आणि जीपीएलचं कलम ६ जादा अटी लादू देत नाही.

अटी मोडल्या तर कलम ४नुसार परवानगी आपोआप संपते. मग मामला आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याखाली येतो. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणं तडजोडीत मिटतात, पण तीही महाग पडते. २००८मध्ये अटारीने ‘फ्रेडी फिश’, ‘पजामा सॅम’ आणि ‘स्पाय फॉक्स’ हे मुलांचे गेम निन्टेन्डो वीसाठी आणले. आत इंजिन होतं जीपीएलखालच्याच स्कमव्हीएमचं, नाव मात्र कुठेच नाही. आयत्या पिठावर रेघोट्या! गंमत अशी की निन्टेन्डोच्या अटींत खुल्या सोर्सला बंदी होती, म्हणजे चूक कबूल करून कोड देण्याचीही सोय नाही. शेवटी ठरलेल्या मुदतीनंतर उरलेला माल नष्ट करायचा आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला देणगी द्यायची, यावर समझोता झाला.

शंका : माझ्याकडे एका बंद पडलेल्या कंपनीच्या गेमची जुनी सीडी आहे. इंजिनचा सोर्स आता खुला आहे. मी तो गेम विकू शकतो का?
– एक वाचक, सानपाडा

उत्तर : नाही. कंपनी बुडाली तरी हक्क कुणाच्या तरी हाती गेलेले असतात. आपल्याकडे प्रोग्राम हे साहित्यकृतीत मोडतात, आणि त्यांचं संरक्षण कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतं. ‘डूम’चंच पाहा : कोड खुला आहे, पण चित्रं, आवाज आणि नकाशे ज्या फाईलीत आहेत ती अजून विकतच घ्यावी लागते. आधी हक्कदार शोधा, त्याच्याकडून लेखी परवानगी घ्या. सीडी तुमची असली तरी विकायच्या नव्या प्रती तुमच्या होत नाहीत.

शंका : जुन्या गेमची मराठी आवृत्ती करतोय. ‘मुक्त’ हा फॉन्ट आत घातला तर चालेल?
– एक वाचक, खारघर

उत्तर : चालेल. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्टकारांच्या गटाचा हा फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. गेमसोबत विका, पण सुटा फॉन्ट विकू नका, आणि लायसन्सची फाईल सोबत असू द्या. मात्र आधी पाहा, मराठी आवृत्ती करायला मूळ गेमच्या हक्कदाराची परवानगी आहे ना? भाषांतराचा हक्कही त्याचाच असतो.

वाचकांना विनंती : पुढची शंका पाठवताना गेमच्या फोल्डरमधल्या लायसन्स फाईलची प्रत आणि प्रोग्रामची आवृत्ती जरूर कळवा. नुसत्या नावावरून ठाम उत्तर देता येत नाही.