मागचा ब्रेक कमी का लागतो?

कोकणच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्या एटीव्ही गाडीचा मागचा डिस्क ब्रेक कमी लागला की आपण घाईने पॅड बदलतो. कारागीर बंधूंनो, आधी पेडल दाबून पाहू. मऊ लागून पंप केल्यावर कडक होत असेल, तर लाइनीत हवा आहे, ती काढावी. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल, तर गळती शोधावी. बाहेर गळती नसल्यास मास्टर सिलिंडरचे रबर तपासावे. पेडल कडक असूनही गाडी थांबत नसेल, तर पॅडला तेल लागले आहे का, खाऱ्या पाण्याने कॅलिपरच्या पिना जाम झाल्या आहेत का, ते पाहावे. झाकणावर लिहिलेलेच ब्रेक ऑइल घालावे. इंजिन ऑइलने रबर फुगते. गिऱ्हाईक आपल्या भरवशावर गाडीवर बसते. स्वतः चालवून पाहिल्याशिवाय गाडी देऊ नये.