‘पनॅश’ म्हणजे नुसती ऐट नव्हे

इंग्रजी वृत्तपत्रांतील क्रीडावृत्ते व नाट्यपरीक्षणे वाचताना ‘पनॅश’ हा शब्द वारंवार आढळतो. कोशात त्यास ऐट, डौल, दिमाख असे प्रतिशब्द मिळतात, आणि भाषांतरकार त्यांतील एक उचलून पुढे जातो. अर्थाची हानी होते ती येथेच.

हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ शिरस्त्राणावरील पिसांचा तुरा. १५९० साली इव्रीच्या लढाईत फ्रान्सचा राजा चौथा हेन्री पांढरा तुरा लावून उतरला. निशाणे दिसेनाशी झाली तर माझ्या तुऱ्यामागे या, असे त्याने सैनिकांस बजावल्याची कथा प्रसिद्ध आहे. आता, स्वकीयांना दिसणारा तुरा शत्रूलाही दिसतोच! तो मिरविणे म्हणजे हसतमुखाने धोका पत्करणे होय.

पुढे १८९७ साली एदमाँ रोस्ताँ यांचे ‘सिरानो द बेर्जराक’ हे पद्यनाटक पॅरिसमध्ये रंगभूमीवर आले. त्याचा नायक बेढब नाकाचा, तलवारबहाद्दर कवी. सर्वस्व गेले तरी एक वस्तू मी निष्कलंक घेऊन जात आहे, असे तो मरताना म्हणतो. ती वस्तू म्हणजे त्याचा ‘पनॅश’, आणि नाटकाचा शेवटचा शब्दही तोच. पिसांचा तुरा असा वृत्तीचा झाला. इंग्रजीत हा लाक्षणिक अर्थ रुळला तो मुख्यतः या नाटकामुळे.

व्याकरण सोपे आहे. शब्दाचे अनेकवचन सहसा होत नाही. तो बहुधा ‘विथ’ला जोडून, कृतीचे वर्णन करताना येतो. १९८१ साली सिडनी कसोटीत लेन पास्को यांचा उसळता चेंडू लागून संदीप पाटील यांना मैदान सोडावे लागले. पुढच्याच, ॲडिलेड कसोटीत त्यांनी १७४ धावा फटकावल्या. या खेळीस ‘पनॅश’ शोभतो. कोणताही धोका नसताना केलेल्या नखऱ्यास तो, आमच्या मते, शोभत नाही.

मराठीत ‘तोरा’ निंदाव्यंजक आहे, ‘रुबाब’ अधिकाराचा आहे, ‘दिमाखा’त वैभवाचे प्रदर्शन डोकावते. ‘शिरपेचात मानाचा तुरा’ हा आपला वाक्प्रचार जवळचा वाटतो खरा; परंतु तो तुरा यशानंतर खोवला जातो, हेन्रीने तो लढाईपूर्वीच लावला होता. म्हणून भाषांतर करताना ‘बेडर डौलाने’ असे दोन शब्द योजावेत. एका शब्दाचा हट्ट धरू नये.