कंपायलरच्या कामात पहिले पाऊल



कुंडी भंडारा ठाऊक नाही असा बऱ्हाणपूरकर विरळाच. इ. स. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारातून शहरात आणले गेले. त्या भुयारात चुन्याचे थर साचतात. ते काढले नाहीत तर पाणी अडते. पाणी सर्वांचे, म्हणून निगाही सर्वांची. संगणकाच्या जगातही असाच एक सामाईक पाणवठा आहे. तो म्हणजे कंपायलर.

माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या आज्ञांत उतरवणारा अनुवादक, तो कंपायलर. ‘जीसीसी’ हा कंपायलर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केला. ‘एलएलव्हीएम’चे काम २००० साली इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर आणि प्रा. विक्रम अडवे यांनी आरंभिले, प्रा. अडवे हे मुंबईच्या आय.आय.टी.चे माजी विद्यार्थी. त्याच आय.आय.टी.त प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अंतर्रचनेचे वर्ग घेतले. हे दोन्ही कंपायलर खुले आहेत. कोणीही ते वाचावेत, सुधारावेत.

पण लक्षावधी ओळींचा हा पसारा पाहून नवखा बिचकतो. सगळे समजल्यावर हात घालीन, असे तो म्हणतो आणि कधीच आरंभ करीत नाही. ही चूक टाळावी. एलएलव्हीएमपुरता क्रम असा :

१. मूळ संहिता उतरवून आपल्या यंत्रावर बांधावी. फक्त ‘क्लँग’ आणि आपल्याच प्रोसेसरचा भाग घ्यावा. ‘डीबग’ प्रकार फार जागा खातो. ‘रिलीज’ प्रकार घ्यावा.

२. काहीही बदलण्यापूर्वी सोबतच्या चाचण्या चालवून पाहाव्यात. पुढे काही मोडले तर ते आपल्यामुळे की आधीचेच, हे तेव्हाच कळते.

३. गिटहबवर ‘गुड फर्स्ट इश्यू’, म्हणजे नवख्यासाठी राखलेले काम, अशी खूण असलेल्या तक्रारींतून एक निवडावी.

४. तो दोष आपल्या यंत्रावर दिसतो का, ते पाहावे. मग नमुन्याचा प्रोग्राम छाटीत जावे, दोष मात्र टिकला पाहिजे. चार-पाच ओळी उरल्या की निम्मे काम झाले. एवढेच तक्रारीखाली लिहिले तरी ती सेवाच होय.

५. दुरुस्तीबरोबर तिची चाचणीही लिहावी, म्हणजे तोच दोष पुन्हा शिरणार नाही.

पाठविलेली दुरुस्ती जाणते लोक तपासतात आणि बहुधा शेरे मारून परत करतात. तो अपमान समजू नये. तीच फुकट मिळणारी शिकवणी आहे. आठवडाभर उत्तर न आल्यास नम्रपणे आठवण द्यावी.

येथे पदवी विचारीत नाहीत, गावही विचारीत नाहीत. शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस जाणे ज्यांना परवडत नाही, त्या आपल्या मुलामुलींनाही हे काम घरून करता येते, आणि केलेले काम त्यांच्या नावावर कायम नोंदले जाते. पालकांनी घरातील संगणकाकडे या दृष्टीनेही पाहावे. येत्या सुट्टीत एकच तक्रार निवडा आणि ती तडीस न्या.