दुसरी फेरी



आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात निमज नावाचे गाव आहे. तेथे १८ नोव्हेंबर १९२१ रोजी नामदेव जाधव यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते. नामदेव त्यांच्यापैकीच एक. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये ते साधे शिपाई होते. काम होते कंपनीच्या रनरचे, म्हणजे अधिकाऱ्याबरोबर राहून निरोप पोचवण्याचे.

दिनांक ९ एप्रिल १९४५. इटलीतील सेनिओ नदी. युरोपातले युद्ध संपायला जेमतेम महिना उरला होता, पण हे त्या दिवशी कोणाला माहीत असणार? नदीच्या दोन्ही काठांना पूर अडवण्यासाठी उंच बांध घातलेले होते. पूर्वेकडच्या बांधात जर्मन सैनिक मशीनगन रोखून बसले होते. नामदेवांची छोटी तुकडी पाण्यातून पश्चिमेकडच्या काठावर पोचली आणि गोळीबारात सापडली. कंपनीचा अधिकारी व दोन शिपाई जखमी झाले. बाकी सगळे ठार झाले. धडधाकट उरले एकटे नामदेव.

त्यांनी एका जखमीला उचलले. खोल पाण्यातून, बांधाच्या उभ्या चढावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून त्याला सुरक्षित जागी नेले. मग ते परत गेले आणि दुसऱ्यालाही तसेच घेऊन आले. दोन्ही वेळा मशीनगन आणि उखळी तोफांचा मारा चालूच होता.

त्यानंतर ते तिसऱ्यांदा पूर्वेकडचा बांध ओलांडून गेले. पहिले ठाणे त्यांनी टॉमी गनने बंद पाडले. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्बने आणखी दोन ठाणी बंद केली. शेवटी बांधावर उभे राहून, मराठ्यांचा रणघोष करत त्यांनी मागे अडकलेल्या कंपन्यांना पलीकडे बोलावले. या कामगिरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे ते हवालदार झाले. २ ऑगस्ट १९८४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

ही हकिकत सांगताना आपण बहुधा तीन मशीनगनवर भर देतो. संत थॉमस अक्वायनास यांनी मात्र धैर्याची दोन कामे सांगितली आहेत : चाल करून जाणे आणि टिकून राहणे. यातले दुसरे त्यांनी श्रेष्ठ मानले. चाल करून जाणाऱ्याला संकट अजून पुढे दिसत असते. टिकून राहणाऱ्याच्या अंगावर ते आलेलेच असते, आणि त्याला ते दीर्घकाळ सोसावे लागते.

या दृष्टीने मला नामदेवांची दुसरी फेरी सर्वांत मोठी वाटते. पहिल्या वेळी माणूस आवेगात जाऊ शकतो. दुसऱ्या वेळी पाणी किती खोल आहे, चढ किती निसरडा आहे, गोळ्या कोठून येतात, हे सगळे कळून चुकलेले असते. ते परत गेले नसते, तर कोणी त्यांना दोष दिला नसता.

तिसऱ्या फेरीत मेलेल्या सोबत्यांचा सूड घेण्याची भावनाही होती, असे सन्मानपत्रातच म्हटले आहे. ते लपवू नये. त्या फेरीमुळे कित्येकांचे प्राण वाचले, हे खरे. पण ठाण्यातले जर्मनही कोणाची तरी मुले होती, हेही खरे. इटलीत पाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक मरण पावले. रणांगणावरचे शौर्य आदराने आठवावे. युद्धाची हौस मात्र धरू नये.

आपल्या वाट्याला सेनिओ नदी येणार नाही. पण घरात कोणी अंथरुणाला खिळले, की पहिल्या आठवड्यात भेटायला येणाऱ्यांनी घर भरून जाते. तिसऱ्या महिन्यात किती जण येतात? व्यसन सोडू पाहणाऱ्या भावाला पहिल्यांदा सगळे हात देतात. तो पुन्हा घसरला, तर?

तेथे दुसरी फेरी सुरू होते.

घरी चर्चेसाठी :
१. आपण कोणाला एकदा मदत करून नंतर विसरलो आहोत?
२. या आठवड्यात त्यांच्याकडे पुन्हा कोण जाईल?