मावशीच्या गावाला विमानानं

विमान तुम्ही पाहिलेलं आहे. शेतात काम करताना वरून घरघर ऐकू येते. मान वर करावी, तर एक पांढरा ठिपका सरकताना दिसतो. त्या ठिपक्यात दीडशे-पावणेदोनशे माणसं बसलेली असतात. गेल्या हिवाळ्यात आम्हीही बसलो. कसे गेलो आणि कुठं अडलो, ते सांगतो.

आम्ही राहतो ठाकुर्लीला. डोंबिवली आणि कल्याण यांच्या मधलं हे लहान स्टेशन. इथं धीमी लोकल थांबते. जलद गाड्या धडधडत पुढं निघून जातात. आम्ही नवराबायको आणि आमची आई, असं तिघांचं घर. आम्हा दोघांना सुट्टी मिळते ती शनिवार-रविवारची. सोमवारी सकाळी सातला कामावर हजर व्हावंच लागतं.

आईची थोरली बहीण, म्हणजे आमची मावशी, इंदूरला असते. लग्न होऊन गेली त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. पावसाळ्यात ती न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण चालणं थांबलं. रोज फोनवर आईला म्हणायची, "एकदा येऊन जा गं. मला आता येववत नाही."

मुंबईहून इंदूरला आगगाडी आहे. पण ती गुजरातेतून, बडोदा-रतलामवरून वळसा घेऊन जाते. बारा तासांच्या वर लागतात. दोन दिवसांच्या सुट्टीत दोन रात्री गाडीतच जायच्या. त्यात आईचे गुडघे धरलेले. शेवटी मावशीचा मुलगा म्हणाला, "मी विमानाची तिकिटं काढतो. शनिवारी दुपारी जेवायला या, रविवारी रात्री घरी पोचा."

तिकिटं मोबाइलवर आली. आम्ही ती कागदावर छापून आणली. इथंच पहिली अडचण निघाली, आणि ती काढली आईनं.

आई साठीला आल्यावर वाचायला शिकली. मराठी वाचते, इंग्रजी येत नाही. पण हाती आलेला कागद पाहिल्याशिवाय ठेवायचा नाही, ही सवय तिला लागली आहे. तिनं तिकीट आणि आधार कार्ड शेजारी-शेजारी मांडलं. अक्षरं कळेनात, तर नुसते आकार ताडून पाहू लागली. बोट ठेवत ठेवत म्हणाली, "आडनाव सारखं दिसतंय. पण पहिलं नाव इथं लांब आहे आणि तिथं आखूड. हे कसं रे?"

आम्ही पाहिलं, तर खरंच. तिकिटावर आईचं माहेरचं नाव होतं. आपल्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात. आईचंही बदललं. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पुस्तक, सगळीकडं सासरचं नाव आहे. पण मावशीच्या घरी तिला अजून माहेरच्याच नावानं हाक मारतात. मावशीच्या मुलानं जन्मापासून जे नाव ऐकलं, तेच त्यानं तिकिटावर घातलं. चूक कोणाची म्हणायची?

विमानाला हे चालत नाही. एस.टी.चं तिकीट ज्याच्या हातात, तो प्रवासी. विमानाच्या तिकिटावर नाव असते, आणि ओळखपत्रावरही तेच नाव लागते. दारावरचा जवान तिकिटावरचं नाव वाचतो, ओळखपत्रावरचं वाचतो, मग आपल्या तोंडाकडं बघतो. तिन्ही जुळलं तर आत सोडतो.

आम्ही विमान कंपनीला फोन केला. खूप वेळ नुसती पेटी वाजत राहिली. मग एक बाई बोलल्या, "एक-दोन अक्षरांची चूक असती तर दुरुस्त करून दिली असती. हे तर सगळं नावच वेगळं आहे. म्हणजे दुसरा माणूस. हे तिकीट रद्द करा, नवं काढा." रद्द केल्यावर थोडेच पैसे परत येणार होते. आणि जायला तीन दिवस उरलेले. विमानाच्या तिकिटाचा दर दिवस जवळ येतील तसा बहुधा चढतो. नवं तिकीट पहिल्यापेक्षा बरंच महाग होतं.

आई म्हणाली, "राहू दे. माझ्यापायी एवढा पैसा नको. तुम्ही दोघं जाऊन या, तिला माझा नमस्कार सांगा." त्या रात्री ती नीट जेवली नाही. आम्हीही पैशाचा हिशेब दोन वेळा केला, खोटं कशाला सांगा. मग सकाळी उठून नवं तिकीट काढलं. या खेपेला नाव आधार कार्डावरून अक्षर अक्षर बघून घातलं. पैसे गेले. पण हेच शनिवारी विमानतळाच्या दारात कळलं असतं, तर पैसेही गेले असते आणि भेटही.

म्हणून तुमचं तिकीट दुसरं कोणी काढणार असेल, तर त्याला तोंडी नाव सांगू नका. ओळखपत्राचा फोटो पाठवा. आधार कार्ड, मतदार कार्ड, वाहन चालवण्याचा परवाना, यांतलं काहीही चालतं. तिकीट आलं की त्याच दिवशी ताडून पाहा.

मग सामान बांधायला घेतलं. आपल्या देशातल्या प्रवासात बहुतेक कंपन्या माणशी पंधरा किलोची मोठी पिशवी घेतात. ती विमानाच्या पोटात जाते. हातात सात किलोपर्यंतची लहान पिशवी ठेवता येते. आईनं बहिणीसाठी काय काय काढलं होतं! तांदळाचे पापड, कैरीचं लोणचं, खोबऱ्याच्या वाट्या. सुकं खोबरं विमानाच्या पोटात ठेवू देत नाहीत. त्यात तेल असतं, ते पेट घेतं. खोबरं घरी राहिलं. लोणच्याची बरणी फडक्यात घट्ट बांधून मोठ्या पिशवीत गेली. आईचा अडकित्ताही मोठ्या पिशवीत घातला. धारेची कोणतीही वस्तू हातात नेता येत नाही. आगपेटी आणि लायटर कुठंच चालत नाही. मोबाइलला वीज पुरवणारी पॉवर बँक मात्र हातातच ठेवावी लागते. ती कधी तापून पेटली, तर निदान डोळ्यांसमोर असते.

शनिवारी पहाटे पाचला घर सोडलं. ठाकुर्लीहून धीमी लोकल धरली आणि घाटकोपरला उतरलो. तिथून मेट्रोनं मरोळ नाका. तिथं दुसरी मेट्रो धरली. पुढचंच स्टेशन विमानतळाचं. मुंबईच्या विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आहे. त्याच्या दोन इमारती आहेत, एकमेकींपासून लांब. कोणत्या इमारतीतून विमान सुटणार, त्याचा आकडा तिकिटावर असतो. १ की २, हे घरीच बघून घ्यावे. आता तर पनवेलच्या बाजूला नवी मुंबईचा विमानतळही डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. म्हणून "मुंबई" आहे की "नवी मुंबई", हेही वाचावे. चुकीच्या ठिकाणी पोचलात, तर विमान तुमच्यासाठी थांबणार नाही.

दारात रांग होती. जवानानं आईचं तिकीट हातात घेतलं. त्यानं विचारायच्या आधीच आईनं आपलं पूर्ण नाव खणखणीत सांगितलं. जवान हसला. "जाइए माताजी," म्हणाला.

आत मोठी पिशवी काउंटरवर दिली. हा काउंटर विमान सुटायच्या एक तास आधी बंद होतो. पुढं तपासणी. हातातली पिशवी, मोबाइल, पैशाचं पाकीट एका ट्रेमध्ये ठेवायचं. तो ट्रे यंत्रातून जातो, आणि आपण चौकटीतून जायचं. बायकांची तपासणी पडद्याआड बाईच करते. आईला मंगळसूत्राची काळजी होती. ते काढावं लागलं नाही.

मग फाटक शोधायचं. विमानतळावर फाटकं पुष्कळ, प्रत्येकाला आकडा. आपल्याला स्टेशनावरच्या पुकाऱ्याची सवय. इथं प्रत्येक विमानाचा पुकारा होईलच असं नाही. भिंतीवरच्या मोठ्या पाटीवर विमानाचा नंबर, गाव, वेळ आणि फाटकाचा आकडा येतो. तो मधेच बदलतोही. आमचा बदलला. आम्ही दोघं चहाच्या रांगेत होतो. आई पाटीखाली बसून होती. तिनंच येऊन सांगितलं, "इंदूरपुढचा आकडा आता वेगळा आहे." नवं फाटक चांगलं दहा मिनिटांच्या चालीवर निघालं. सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी फाटक बंद होतं, तेव्हा चहा तसाच टाकून निघालो. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी चाकाची खुर्ची मिळते. तिकीट काढतानाच ती मागावी. आम्ही मागितली नव्हती, हे आमचं चुकलं.

फाटकापाशी बसल्यावर आईला एक गोष्ट सांगितली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूच्या मैदानावर, एक लहान विमान आणलं. आपल्या देशाची नियमित हवाई टपालसेवा अशी सुरू झाली. त्या विमानात प्रवासी नव्हते, टपालाच्या थैल्या होत्या. आई म्हणाली, "म्हणजे आधी पत्रं उडाली, मग माणसं."

विमान सुटताना पाठ खुर्चीला दाबली जाते. पट्टा बांधलेला असतो. पोटात गोळा येतो, तो दोन मिनिटांचा. वर चढताना कान गच्च होतात. कारण उंचावर हवा विरळ असते. विमानाच्या आत हवा भरून ठेवलेली असते, तरी ती जमिनीवरच्या इतकी दाट नसते. कानातली हवा बाहेर यायला बघते, म्हणून दडा बसतो. गोळी चघळावी, आवंढा गिळावा, की कान मोकळे होतात. उतरताना पुन्हा तसंच.

खिडकीतून ढग खाली दिसत होते. पुढं ढग सरले. खाली एक रुंद नदी चकाकली. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "नर्मदा." आईनं तिथूनच हात जोडले. नर्मदा ओलांडली, की माळवा. सव्वा तासात आम्ही इंदूरला उतरलो. घरातून निघून मावशीच्या दारात जाईपर्यंत मात्र सात तास गेले.

इंदूरच्या विमानतळाला देवी अहिल्याबाई होळकरांचं नाव आहे. अहिल्याबाई मूळच्या नगरकडच्या चौंडी गावच्या. १७६७ ते १७९५ त्यांनी नर्मदेकाठच्या महेश्वरहून राज्य केलं. होळकरांच्या मागोमाग पुष्कळ मराठी घरं इंदूरला गेली. राजवाड्याच्या आसपास आजही मराठी कानावर येतं. बोलता बोलता त्यात हिंदी मिसळते, पण गोड वाटतं. सकाळी पोह्यांबरोबर जिलेबी खातात. आम्हाला आधी चमत्कारिक वाटलं, मग दोनदा मागून घेतली.

शहर आम्ही एवढंच पाहिलं. आई तर घराबाहेर पडलीच नाही. मावशीनं दाराकडं बघून तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली. दोन दिवस त्या घरात दुसरं नाव कोणी घेतलं नाही. दोघी बहिणी रात्री दोनपर्यंत बोलत होत्या. अडकित्ता मधे, सुपारी मधे. रविवारी निघताना मावशी वॉकर धरून उठली आणि दारापर्यंत आली. शस्त्रक्रियेनंतर इतकं चालली ती पहिल्यांदाच, असं तिचा मुलगा म्हणाला.

रात्री बाराच्या सुमारास ठाकुर्लीला उतरलो. सोमवारी सातला कामावर हजर होतो.

आता मावशीला आमच्याकडं यायचं आहे. डॉक्टरांनी हो म्हटलं आहे. परवा फोनवर आई तिला सांगत होती, "ताई, आधी तुझं आधार कार्ड काढ. आणि त्यावरचं नाव मला एकेक अक्षर वाचून दाखव. घाई करू नको, मी लिहून घेतेय."