उंच ढग आणि ओझोन : धार-देवासच्या आभाळातून एक धडा

पावसाचा काळा ढग आपण सगळेच ओळखतो. पण दहा ते सोळा किलोमीटर उंचीवर पिंजलेल्या कापसासारखे पांढरे ढगही असतात. ते बर्फाच्या बारीक कणांचे. त्यांचा ओझोनशी काय संबंध, ते आज बघू.

ओझोन हा वायू उन्हातले जाळणारे अतिनील किरण अडवतो. सुमारे ९० टक्के ओझोन या ढगांच्याही वरच्या थरात असतो.

उदाहरण माळव्याचं घेऊ. धार जिल्ह्यातलं धरमपुरी, देवासमधलं नेमावर, दोन्ही नर्मदाकाठची. पावसाळ्यात समुद्रावरची दमट हवा तिथवर पोचते, गडगडाटी ढग उभे राहतात आणि त्यांचा माथा पसरून हे बर्फाचे ढग होतात. मग तीन गोष्टी घडतात :

१) समुद्रावरच्या दमट हवेत ओझोन मुळातच कमी. ढग ती हवा उचलून वर नेतो, म्हणून ढगाच्या माथ्याजवळ ओझोन घटतो.

२) विजेमुळे नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात. उन्हात त्यांच्यापासून पुन्हा ओझोन तयार होतो.

३) बर्फकणांवर क्लोरीन जागं होऊन ओझोन खातं. दक्षिण ध्रुवावरचं ओझोनचं छिद्र असंच पडतं. आपल्याकडे त्या उंचीवर असं क्लोरीन फार थोडं, म्हणून छिद्र पडत नाही.

म्हणजे एकीकडे घट, एकीकडे भर. आणि हे सगळं मुख्य थराच्या खाली. वरचं कवच शाबूत राहतं. देवासच्या शेजारी सीहोर जिल्ह्यात सिलखेडा इथे पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं केंद्र २०२४ पासून ढगांचा अभ्यास करतंय.

आता आपल्या कामाचं. पातळ पांढरे ढग म्हणजे छत्री नव्हे, अतिनील किरण त्यातून खाली येतातच. जून-जुलैत सूर्य जवळजवळ डोक्यावर, आणि आपल्याकडे ओझोनचा थर थंड देशांपेक्षा पातळ. बंदीचा काळ महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै, मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट. नेमकी तेव्हाच जाळी बाहेर काढून विणायला घेतो. म्हणून :

🔹 नायलॉनची जाळी उघड्यावर ठेवू नका, उन्हाने धागा कुजतो. ताडपत्री टाका.
🔹 दुपारी विणकाम सावलीत करा.
🔹 टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, चांगला चष्मा वापरा. वर्षानुवर्षांच्या उन्हाने डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो.

जाळं नवं घेता येतं, डोळे नाही. तांडेल, खलाशी, घरच्या बाया, सगळ्यांना हे वाचून दाखवा.