सुटे कुंपण

माघ महिना होता. तूर नुकतीच घरी आली होती. वाशीम जिल्ह्यातल्या एका गावची ही गोष्ट आहे.

घरामागच्या परसात सुनेने मेथी आणि पालक पेरला होता. हौस म्हणून नव्हे. सुनेला सहावा महिना होता. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी तिला तपासले होते. "अंगात रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या रोज घे. जेवणात पालेभाजी असू दे. वर लिंबू पीळ," असे त्यांनी सांगितले होते. गावचा बाजार आठवड्यातून एकदाच भरतो. रोज ताजी भाजी आणायची कुठून? म्हणून सुनेने वाफे केले.

मेथी चार बोटे वर आली. एका दुपारी घरात कोणी नव्हते. शेजारच्या मावशीच्या दोन बकऱ्या परसात शिरल्या. घटकाभरात मेथी साफ झाली. मागून कोंबड्या आल्या. त्यांनी पालकाचा वाफा उकरून टाकला.

सून परत आली. वाफे पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आले. सासूने शेजारणीला हाक मारली. शब्दाला शब्द लागला.

"तुह्या बकऱ्या बांधून ठेव व!"

"बांधून ठेवल्या तं त्याइले चारा कोन देईन? माहं पोट त्याच बकऱ्याइवर हाय."

सासरे ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "भांडून मेथी उगवते काय? बकरीले हिरवं दिसलं, तिनं खाल्लं. परस कोनाचं हाय, ते तिले काय समजते? वाफ्याले कुंपन नव्हतं, हे आपलं चुकलं."

पोरगा म्हणाला, "मंग सिमेंटचे खांब रोवू. काटेरी तार लावू."

सासरे म्हणाले, "परस आम्हा दोघा भावाइचं हाय. अजून वाटनी नाई. पक्के खांब रोवले, तं उद्या हद्दीचा तंटा. अन् आश्विनात सोयाबीन कुठं वाळवशीन?"

म्हातारबाबांचे बोलणे खरे होते. आपल्याकडे परस एका कामाचे नसते. पावसाळ्यात तिथे वेल चढतात. आश्विनात सोयाबीन वाळते. उन्हाळ्यात लग्नाचा मांडव पडतो. म्हणून कुंपण सुटे हवे. लागेल तेव्हा उभे करावे. नको तेव्हा काढून ठेवावे.

युक्ती जुनीच आहे

उन्हाळ्यात मेंढपाळ धनगर शिवारात येतात. शेतकरी खतासाठी आपल्या शेतात मेंढ्या बसवतात. रात्री धनगर मेंढ्यांभोवती जाळी लावतात. तिला वाघूर म्हणतात. खुंट ठोकले, जाळी ताणली, की वाडा तयार. सकाळी जाळी गुंडाळून घोड्यावर टाकली, की वाडा पुढच्या शेतात. धनगराचे कुंपण मेंढरांना आत ठेवते. आपले कुंपण बकऱ्यांना बाहेर ठेवील. एवढाच फरक.

कुंपण कशाचे करावे?

बोराटी किंवा बाभळीचे काटे: पैसा लागत नाही. पण लेकरांच्या पायात काटा मोडतो. उचलताना हात फाटतात. परसापेक्षा शेताच्या धुऱ्यावर हे कुंपण बरे.

जुनी लुगडी: आपल्याकडे पुष्कळ जण शेताभोवती जुनी लुगडी बांधतात. फडफडणारे कापड पाहून जनावर बिचकते. पण गावातली बकरी माणसांत वाढलेली. ती कापडाला भीत नाही. वाराही लुगडी ओढून नेतो.

नायलॉनची जाळी: हलकी असते. गुंडाळून खुंटीला टांगता येते. कोंबड्यांसाठी चांगली. पण ती ताणून बांधावी लागते. सैल राहिली तर त्यात बकरीचे शिंग अडकते, सापही अडकतो.

पऱ्हाटी: घराजवळ साठवू नये. तिच्या उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. २०१७ साली या अळीने विदर्भातल्या कपाशीचे मोठे नुकसान केले. कुंपणासाठी अळीला घर देऊ नये.

तुराटी: तूर झोडपली की तुराट्या उरतात. त्या घरच्याच असतात. त्यांची ताटी हलकी होते. एक बाई एका हाताने ताटी उचलू शकते. ताटी एक-दोन वर्षे टिकते. मोडली तर चुलीत जाते.

या घराने तुराटीची ताटी पसंत केली.

आधी हिशेब, मग काम

बाग २० फूट लांब आणि १० फूट रुंद धरली. चारी बाजूंची बेरीज केली.

२० + १० + २० + १० = ६० फूट.

एक ताटी ५ फूट लांब. ६० ला ५ ने भागले. म्हणजे १२ ताट्या झाल्या. त्यांतली एक ताटी दाराची. दोन ताट्या जिथे मिळतात तिथे एक खुंट. म्हणून खुंटही १२.

एका ताटीला बांबूच्या ६ कामट्या लागतात. १२ ताट्यांना ७२ कामट्या झाल्या. २० फुटी बांबूचे ५ फुटांचे ४ तुकडे होतात. एका तुकड्याच्या ४ कामट्या निघतात. म्हणजे एका बांबूच्या १६ कामट्या. ५ बांबू आणले की काम भागते. बांबू आणि सुतळी एवढेच विकत. बाकी सारे घरचे.

ताटी अशी बांधा

१. तुराट्या झाडून घ्या. त्या ४ फुटांच्या कापा.

२. जमिनीवर ३ कामट्या आडव्या ठेवा. एक वर, एक मध्ये, एक खाली.

३. त्यांवर तुराट्या उभ्या आणि दाट रचा. खालच्या बाजूला जास्त दाट रचा. तिथूनच कोंबडीचे पिलू शिरते.

४. वरून आणखी ३ कामट्या ठेवा. तुराट्या दोन कामट्यांच्या मध्ये आवळा. वीत-वीत अंतरावर सुतळीने बांधा.

कुंपण असे उभे करा

खुंट बाभळीचे किंवा जुन्या छपराचे घ्या. साल काढून टाका. सालीखाली कीड राहते. खुंट साडेपाच फूट लांब हवा. ४ फूट वर, दीड फूट जमिनीत.

आपल्याकडे काळी माती फार. ती पावसात फुगते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. त्यामुळे वरवर रोवलेला खुंट डुगडुगतो. म्हणून सब्बलने दीड फूट खड्डा करा. खुंटाभोवती दगड आणि मुरूम ठासून भरा. चार कोपऱ्यांच्या खुंटांना आतून तिरपा टेकू द्या. मिरगाच्या वाऱ्यात तोच कामाला येतो.

ताटी थेट मातीवर ठेवू नका. वाळवी लागेल. खाली दगडांची एक ओळ मांडा. दगडांच्या फटी बुजवा. त्यावर ताटी उभी करा.

ताटी खुंटाला वर, मध्ये आणि खाली बांधा. निरगाठ मारू नका. सुरगाठ मारा. निरगाठ सुटत नाही, मग सुतळी कापावी लागते. सुरगाठ एका ओढीने सुटते. दाराच्या ताटीला एका बाजूने सायकलच्या जुन्या ट्यूबचे फास करा. दार उघडते आणि मिटते.

कुंपणाच्या आतून एक फूट वाट सोडा. बकरी मागच्या पायांवर उभी राहते आणि वरून मान घालते. वाट सोडली की तिचे तोंड भाजीला पोचत नाही. पाणी घालायलाही तीच वाट कामी येते.

कोंबडी उडून आत येत असेल, तर तिच्या एकाच पंखाची मोठी पिसे टोकाकडून कापा. तिचा तोल जातो. ती उंच उडत नाही. पूर्ण वाढलेले पीस कापले तर दुखत नाही. नवे कोवळे पीस मात्र कापू नका, त्यात रक्त असते.

हे ध्यानात ठेवा

ही ताटी वानराला अडवत नाही. रानडुक्कर आणि रोही यांनाही ती पुरी पडत नाही. शेताच्या रक्षणासाठी तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारा. रिसोड तालुक्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथेही सल्ला मिळतो.

कुंपणाच्या तारेत घरची वीज कधीही सोडू नका. तो गुन्हा आहे. अशा तारेला चिकटून माणसे मेली आहेत. भाजी पुन्हा उगवते, माणूस उगवत नाही.

गावच्या रस्त्यावर कुंपण सरकवू नका. शेजाऱ्याला दाखवून दोरी धरा, मग खुंट ठोका.

पुढे काय झाले?

दोन दिवसांत कुंपण उभे राहिले. तुराट्या कमी पडल्या. शेजारच्या मावशीने तिच्या घरच्या दोन पेंढ्या आणून टाकल्या. ती काही बोलली नाही. सासूने तिला चहा दिला. पुढे तिच्या बकऱ्यांच्या लेंड्या या परसात खत म्हणून येऊ लागल्या.

मेथी पुन्हा पेरली. महिन्याभरात खुडायला आली. पहिली जुडी सुनेच्या ताटात पडली. दुसरी जुडी मावशीच्या घरी गेली.

आश्विन आला. सुरगाठी ओढल्या. १२ ताट्या भिंतीशी, वळचणीखाली, दगडांवर रचून ठेवल्या. मोकळ्या परसात सोयाबीन वाळले. तोवर सुनेची लेक चार महिन्यांची झाली होती. कार्तिकात बाग पुन्हा मांडली. या वेळी ती आठ हात पलीकडे मांडली. तिथे वर्षभर गुरे बांधली होती. माती खताने काळी झाली होती.

नवे शब्द

परस – घरामागची जागा
कामटी – बांबूची चिरलेली पट्टी
वळचण – छपराची भिंतीबाहेर आलेली कड

उत्तरे सांगा

१. परसात पक्के खांब का रोवले नाहीत?
२. पऱ्हाटी घराजवळ का साठवू नये?
३. काळ्या मातीत खुंट का डुगडुगतो?

हिशेब करा

१. तुमची बाग १५ फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. ५ फुटी ताट्या किती लागतील?
२. समजा, एक कुंपण ६०० रुपयांचे आहे. ते एक वर्ष टिकते. दुसरे १,५०० रुपयांचे आहे. ते ५ वर्षे टिकते. वर्षाला कोणते स्वस्त पडते?

करून पाहा

सुरगाठ मारा आणि सोडा. घरातल्या एका मुलाला ती शिकवा.